कापसाची तकाकी

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर म्हटले की आयुध निर्माणी आठवते. १९६४ पासून इथे तोफगोळे आणि बंदुकीच्या गोळ्या पुढे ढकलणारी दारू, म्हणजे प्रोपेलंट, तयार होते. या दारूच्या मुळाशी असलेला पदार्थ म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापूस किंवा लाकडाचा शुद्ध लगदा नायट्रिक आणि सल्फ्युरिक या दोन आम्लांच्या मिश्रणात भिजवायचा, मग पुन्हा पुन्हा धुऊन आम्लाचा शेवटचा अंशही काढून टाकायचा. दिसायला तो कापूसच राहतो, पण ठिणगी लागताच क्षणात भडकतो.

हेच नायट्रोसेल्युलोज घरातल्या नेलपॉलिशच्या बाटलीतही असते. नखांवर येणारी तुकतुकी त्याचीच. औषधाच्या दुकानात चामखीळ आणि कुरूपावर लावायचे जे थेंब मिळतात, त्यांतले औषध कातडीला चिकटवून ठेवणारा पापुद्राही त्याचाच. आणि सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी जगातले बहुतेक फोटो याच पापुद्र्यावर निघू लागले होते. जखम झाकणारे हे औषध कॅमेऱ्यात नेऊन बसवणाऱ्या माणसाचे नाव फ्रेडरिक स्कॉट आर्चर. फोटोग्राफीच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक त्याच्याशिवाय पुरे होत नाही. हयातीत मात्र या शोधातून त्याच्या हाती फारसे काही लागले नाही.

आर्चरचा जन्म १८१३ सालचा, लंडनच्या उत्तरेकडील हर्टफर्डशर परगण्यातला. वडील खाटीक. आईवडील लवकर गेले आणि पोरगा लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर सोन्याचांदीचा व्यवहार करणाऱ्या एका पेढीवर उमेदवारीला लागला. तिथे जुनी नाणी हाताळायला मिळाली. नाण्यांवरचे चेहरे बघता बघता त्याला मूर्तिकामाची ओढ लागली. ब्रिटिश म्युझियममधल्या पुरावस्तू विभागाचे प्रमुख एडवर्ड हॉकिन्स यांनी शिफारस केली आणि रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेचे दार उघडले. पुढे तो अर्धपुतळे करू लागला आणि अकॅडमीच्या प्रदर्शनांतही त्याचे काम लागू लागले.

पुतळा करायचा तर समोर माणूस तासन्‌तास बसायला हवा. मोठी माणसे तेवढा वेळ देत नाहीत. फोटो मिळाला तर काम सोपे होईल, असे त्याला वाटले. प्रकृतीने तो नाजूकच होता आणि त्याचे डॉक्टर होते ह्यू वेल्च डायमंड. हे डायमंड मोठे गमतीचे गृहस्थ. व्यवसाय वैद्यकाचा, नाद फोटोग्राफीचा. पुढे सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात त्यांनी स्त्री रुग्णांचे फोटो काढले आणि १८५६ साली रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. मनोविकाराच्या अभ्यासासाठी कॅमेरा वापरणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत त्यांची गणना होते. १८४७ च्या सुमारास आर्चरला फोटो काढायला शिकवले ते याच डॉक्टरांनी. रुग्णाला डॉक्टरकडून औषधाव्यतिरिक्त काय मिळू शकते, याचे हे एक उदाहरण.

त्या वेळी फोटोच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. एक फ्रान्सच्या दागेरची, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची. चित्र अतिशय रेखीव, पण प्रत एकच. दुसरी काढायची सोय नाही. दुसरी इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटची, कॅलोटाइप नावाची. तीत कागदावर निगेटिव्ह तयार होई आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येत. पण कागद म्हणजे तंतूंचे जाळे. प्रकाश त्यातून जाताना तंतूंची सावलीही प्रतीत उतरे. चेहरा कांबळ्यातून बघितल्यासारखा खरबरीत दिसे. पुतळे घडवणाऱ्याला नाकाची धार आणि पापणीची कड हवी होती. कॅलोटाइप ती देईना.

काच हा उपाय अनेकांना सुचला होता. काच गुळगुळीत आणि पारदर्शक, पण चांदीचे क्षार तिच्यावर टिकतील कसे? फ्रान्समध्ये अंड्याचा पांढरा बलक काचेवर पसरून पाहिला गेला. चित्र सुरेख आले, पण त्याला इतका वेळ लागे की माणसाचा फोटो काढणे कठीणच. आर्चर अशा एका चिकट पदार्थाच्या शोधात होता, जो काचेवर पातळ पसरेल, पारदर्शक राहील आणि चांदीला आपल्यात सामावून घेईल.

तो पदार्थ डॉक्टरांच्या कपाटात आधीच येऊन बसला होता. १८४६ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथे ख्रिश्चन फ्रेडरिक शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने आम्लात भिजवलेल्या कापसाचा स्फोटक गुण जाहीर केला. स्वयंपाकघरात आम्ल सांडले, ते त्याने बायकोच्या सुती एप्रनने पुसले आणि शेगडीपाशी वाळत घातलेला एप्रन भस्‌कन नाहीसा झाला, अशी गोष्ट सांगतात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये असे आढळले की कापसावर आम्लाची क्रिया जरा कमी होऊ दिली, तर होणारा पदार्थ ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळतो. हे द्रावण उघड्यावर ओतले की ईथर भराभर उडून जाते आणि मागे राहतो पातळ, चिवट, चकचकीत पापुद्रा. चिकटवण्याच्या गुणावरून त्याला ग्रीक शब्दापासून कलोडियन हे नाव मिळाले. बॉस्टनमधल्या जॉन पार्कर मेनार्ड या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८४८ साली जखमेवर ते लावून दाखवले. टाके आणि चिकटपट्टी यांच्या मधला हा उपाय होता. वाळताना पापुद्रा आकसतो, त्यामुळे जखमेच्या कडा जवळ येतात. शिवाय पाणी आत शिरत नाही. त्यात थोडा कापूर आणि एरंडेल तेल घातले की पापुद्रा लवचीक होतो आणि सांध्यावरही तडकत नाही. हे लवचीक कलोडियन आजही औषधकोशात आहे. मेंदूचा आलेख काढताना डोक्यावरची टोके दीर्घकाळ घट्ट बसवायची असतील, तर तंत्रज्ञ आजही कलोडियनच वापरतात.

हे सगळे वर्षा-दोन वर्षांत घडत होते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्येच ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली होती आणि ईथर हे नाव सगळ्या डॉक्टरांच्या तोंडी होते. डॉक्टरांच्या वर्तुळात वावरणाऱ्या या मूर्तिकारापर्यंत कलोडियन पोहोचले नसते तरच नवल. १८४८ च्या सुमारास त्याने प्रयोग सुरू केले. आधी कागदालाच कलोडियन लावून पाहिले; ते जमेना. मग काच घेतली.

पद्धत सांगायला सोपी आहे. कलोडियनमध्ये पोटॅशियम आयोडाइड मिसळायचे. स्वच्छ काच बोटांच्या टोकांवर आडवी धरून तिच्या मध्यभागी ते ओतायचे आणि काच एकेका कोपऱ्याकडे कलती करत सगळीकडे पसरवायचे. उरलेले एका कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचे. डोसा पसरवण्यापेक्षाही हे काम नाजूक, कारण इथे थर उलथण्याने सारखा करता येत नाही. पापुद्रा ओलसर असतानाच काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आयोडाइड आणि चांदी यांची पापुद्र्याच्या आतच गाठ पडते आणि प्रकाशाला संवेदनशील असा दुधी थर तयार होतो. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत आणून चित्र उमटवायचे. या सगळ्याला मिळतात दहा-पंधरा मिनिटे. पापुद्रा वाळला की खेळ संपला, कारण वाळलेले कलोडियन पाणी आत घेत नाही. जखमेसाठी जो गुण मोलाचा, तोच इथे आड येई.

पण फळ मोठे होते. कॅलोटाइपला मिनिटे लागत, इथे चांगल्या उजेडात काही सेकंदांत काम होई. रेखीवपणा दागेरच्या पत्र्यासारखा आणि प्रती हव्या तितक्या. मार्च १८५१ मध्ये द केमिस्ट या मासिकात आर्चरने आपली कृती छापली. पेटंट घेतले नाही. ज्याला हवे त्याने वाचावे आणि करावे. कलोडियनचा विचार इतरांच्या मनातही आला होता. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५० साली त्याचा उल्लेख केला होता आणि पुढे श्रेयावरून बरीच वादावादी झाली. पण कोणालाही करून बघता येईल अशी पहिली पुरी कृती आर्चरची, हे आता मान्य झाले आहे.

त्या काळच्या अंधाऱ्या खोलीत एखाद्या डॉक्टरने पाऊल टाकले असते, तर दवाखान्यात आल्यासारखे त्याला वाटले असते. ईथर होतेच. सिल्व्हर नायट्रेट म्हणजे डॉक्टरांच्या डाग देण्याच्या कांडीतली चांदी. नवजात बाळांच्या डोळ्यांचा जंतुसंसर्ग टाळण्यासाठी १८८१ पासून हेच थेंब डोळ्यांत घालू लागले आणि हजारो मुलांची दृष्टी वाचली. काचेवरचे चित्र पांढरेशुभ्र दिसावे म्हणून आर्चर मर्क्युरिक क्लोराइड वापरी; तेही औषधांच्या यादीत होते आणि तितकेच विषारीही. चित्र पक्के करायला, म्हणजे उरलेली चांदी धुऊन काढायला, दोन पदार्थ चालत. एक हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. दुसरा पोटॅशियम सायनाइड.

सायनाइडने पांढरा भाग अधिक उजळ निघे, म्हणून अनेकांना तेच आवडे. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत, ते डागही सायनाइडचा खडा चोळला की निघत. बोटावर एखादी चीर असली, भांडे तोंडाजवळ गेले, द्रावणात चुकून आम्ल पडून वायू सुटला, की काही मिनिटांत जीव जाई. सायनाइड पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशी गुदमरतात. असे मृत्यू तेव्हा झाले, आणि तरीही सायनाइडची बाटली कित्येक दशके फडताळावर राहिली. तिच्या शेजारीच असलेली हायपोची बाटली हा सायनाइडचा उतारा आहे, हे कळायला बराच काळ जावा लागला. आपल्या यकृतात एक विकर असते. ते थायोसल्फेटमधले गंधक घेऊन सायनाइडला जोडते. तयार झालेला थायोसायनेट मूत्रावाटे निघून जातो. शरीरात गंधकाचा साठा थोडा असतो म्हणून तो बाहेरून द्यावा लागतो. आजही सायनाइडच्या विषबाधेत नायट्राइटबरोबर थायोसल्फेट शिरेतून देतात. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर याच औषधावरून किती वाद झाला, ते अनेकांना आठवत असेल. आर्चरच्या काळात विष आणि उतारा एकाच फळीवर होते, आणि दोन्ही फोटो धुण्यासाठी.

आता तकाकीकडे वळू. काचेवरची निगेटिव्ह कितीही रेखीव असली तरी घरात लावायचा फोटो कागदावरच हवा. साधा कागद मिठाच्या पाण्यात भिजवून, त्यावर चांदी लावून प्रत काढली, तर चित्र तंतूंच्या आत मुरते. रंग येतो सुरेख तपकिरी, पण निस्तेज. काळा भाग काळा न दिसता राखी दिसतो. कारण समजून घ्यायला वैनगंगेच्या पात्रात जावे. कोरडा गोटा फिकट दिसतो, तोच पाण्यात बुडवला की गडद आणि रंगीत दिसतो. गोट्याचा रंग बदललेला नसतो. कोरड्या खडबडीत पृष्ठभागावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो आणि त्यातला थोडा पांढरा उजेड डोळ्यांत येऊन काळ्या भागावर धुके पसरवतो. पाण्याने खाचखळगे भरले की पृष्ठभाग सपाट होतो. उजेड एकाच दिशेने परततो, बाकीचा आत शिरून रंगात शोषला जातो. कागदाचे तंतू आणि हवा यांत प्रकाशाच्या वाकण्यात मोठा फरक असतो. तंतू आणि मेण, राळ, अंड्याचा बलक किंवा कलोडियन यांत तो नगण्य. म्हणून अशा कोणत्याही पदार्थाचा पातळ थर दिला की काळा काळा होतो आणि चित्राला खोली येते. तकाकी ही नुसती शोभा नव्हे. फोटोतला सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग यांतले अंतर तिने वाढते.

१८५० साली फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरार याने अंड्याच्या पांढऱ्या बलकात मीठ घालून कागदाला त्याचा थर द्यायची युक्ती काढली. आर्चरची काच आणि हा अंड्याचा कागद यांची जोडी पुढची तीसेक वर्षे जगावर राज्य करत राहिली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात या कागदासाठी दिवसाला ६० हजार अंडी फुटत. अधिक चमक हवी तर दोन थर. तरीही कोणाचे समाधान झाले नाही, तर मधमाश्यांचे मेण लॅव्हेंडरच्या तेलात घोटून फोटोला लावत आणि फ्लॅनेलने घासत. काचेवरच्या चित्राला सँडरॅक नावाच्या राळेचे रोगण देत. काच दिव्यावर ऊन करायची, रोगण ओतायचे, पुन्हा ऊन करायची. ईथर-अल्कोहोलच्या वाफा आणि उघडी ज्योत एकाच टेबलावर! कुठे कुठे लाखेचे रोगणही वापरत. पळस आणि कुसुमाच्या झाडांवरची लाख पूर्व विदर्भाला नवी नाही. औषधांच्या काही गोळ्यांवर जी तुकतुकी दिसते, तीही अनेकदा लाखेचीच असते.

अंड्याच्या कागदाला एक दुखणे होते. तो पिवळा पडे. आजोबा-पणजोबांचे जुने फोटो पिवळट दिसतात, ते बरेचदा नुसत्या धुळीने नव्हे. अंड्याच्या पांढऱ्या बलकात थोडी ग्लुकोज साखर असते. ही साखर प्रथिनांना हळूहळू चिकटते आणि त्यातून पिवळी-तपकिरी रसायने तयार होतात. भाकरीवरचे तपकिरी ठिपकेही याच क्रियेने येतात. आणि मधुमेहाच्या रुग्णांना दर तीन महिन्यांनी करायला सांगतात ती एचबीए१सी चाचणी याच चिकटण्याचे मोजमाप करते. फक्त तिथे प्रथिन अंड्याचे नसून रक्तातले हिमोग्लोबिन असते. पुढे कागद तयार करणारे बलक आंबवून घेऊ लागले. सूक्ष्मजीव बरीच साखर खाऊन टाकत आणि चमकही वाढे. वास मात्र असह्य.

इकडे आर्चरचे काय चालले होते? १८५१ मध्ये त्याने केनिलवर्थच्या पडक्या किल्ल्याचे फोटो आपल्या पद्धतीने काढले. १८५२ मध्ये कृतीची एक पुस्तिका छापली. ब्रिटिश म्युझियमजवळ ग्रेट रसेल स्ट्रीटवर त्याने फोटोचा स्टुडिओ थाटला. शोध लावणे सुरूच होते. ज्यात हात घालून सगळी प्रक्रिया आतच करता येईल असा कॅमेरा त्याने केला. म्हणजे उघड्या माळावर वेगळी अंधारी खोली नको. काचा जड आणि महाग, म्हणून त्यांवरचा पापुद्रा सोडवून घेण्याची युक्ती काढली आणि १८५५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पण मुख्य शोध तर त्याने आधीच वाटून टाकला होता. लंडनच्या रस्त्यारस्त्यावर फोटोची दुकाने निघाली. कलोडियन आणि सिल्व्हर नायट्रेट विकणारे व्यापारी गब्बर झाले. शोध लावणारा त्यांच्यातलाच एक दुकानदार होऊन राहिला, आणि दुकान चालवणे हा काही त्याचा गुण नव्हता.

त्यात टॅल्बटचे प्रकरण. कॅलोटाइपचे पेटंट त्याच्याकडे १८४१ पासून होते. कलोडियनही आपल्याच पेटंटात येते, असे त्याचे म्हणणे. तेव्हा धंदा करणाऱ्याने वर्षाला शंभर पौंड आणि त्याहूनही अधिक परवाना फी भरावी, असा त्याचा आग्रह. ज्याने फुकट दिले, त्याच्या वस्तूवर दुसराच फी मागत होता. मार्टिन लरोश नावाच्या फोटोग्राफरने फी नाकारली आणि डिसेंबर १८५४ मध्ये खटला उभा राहिला. ज्यूरीने निकाल दिला तो मजेदार. कॅलोटाइपचा खरा शोधक टॅल्बटच, पण कलोडियन वापरणारा लरोश त्याच्या हक्कावर आक्रमण करत नाही. त्या दिवसापासून कलोडियन खऱ्या अर्थाने मोकळे झाले. आर्चरला त्यातून पैसा मिळायचे कारणच नव्हते.

त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रासच्याही आधी. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. सोसायटीच्या कामात पुढे असलेल्यांत होते डॉ. नारायण दाजी, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर आणि मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांचे फोटो काढणारे फोटोग्राफर. लंडनमध्ये डायमंड, मुंबईत नारायण दाजी; हा नाद डॉक्टरांना लागावा यात आश्चर्य नाही, कारण त्यातली निम्मी द्रव्ये त्यांच्या ओळखीची होती. मात्र इथल्या हवेत कलोडियन सांभाळणे अवघड. ईथर ३५ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. भंडाऱ्याच्या मे महिन्यात सावलीतल्या बाटलीचे बूच काढायचीही चोरी. हिंदुस्थानात काम करणारे पहाटेचा गारवा गाठत, तंबूवर ओले पडदे सोडत आणि तरीही पापुद्रा पसरायच्या आतच वाळून जाई.

या पदार्थाची पुढची कहाणी आर्चरने पाहिली नाही. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घोटून सेल्युलॉइड झाले, त्याच्या पट्ट्यांवर सिनेमा आला आणि रुग्णालयांत क्ष-किरणांच्या फिल्म आल्या. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात अशा फिल्मच्या साठ्याने पेट घेतला. ज्वाळांपेक्षा विषारी वायूंनी घात केला. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि कार्बन मोनॉक्साइड हवेच्या नळ्यांतून वरच्या मजल्यांवर पोहोचले आणि सव्वाशेच्या आसपास माणसे गेली. काही जण आगीतून चालत बाहेर आले आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून दगावले. नायट्रोजनच्या या वायूंची खोड अशीच आहे. सुरुवातीला नुसता खोकला आणि घशात खवखव, आणि मग सहा-आठ तासांनी धाप. म्हणून असा धूर छातीत गेलेल्या माणसाला बरे वाटते म्हणून लगेच घरी पाठवू नये. दिवसभर निरीक्षणाखाली ठेवावे. त्या आगीनंतर रुग्णालयांनी न भडकणाऱ्या फिल्मकडे मोर्चा वळवला.

कलोडियनच्या औषधी वंशाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. कुरूपावरच्या थेंबांत कलोडियनबरोबर सॅलिसिलिक आम्ल असते. ते जाड कातडी विरघळवते. ज्यांच्या पायाची संवेदना मधुमेहाने गेली आहे, त्यांना निरोगी कातडी कधी जळली ते कळत नाही. कुरूपाच्या जागी जखम होते आणि ती चिघळते. अशा रुग्णांनी हे थेंब आपल्या मनाने लावू नयेत. बाटली ज्योतीजवळ उघडू नये, हे तर आहेच.

आर्चर १ मे १८५७ रोजी लंडनमध्ये वारला. वय ४३-४४. मागे पत्नी आणि तीन मुले. घरात शिल्लक जवळजवळ नव्हतीच. ज्यांचा धंदा त्याच्या शोधावर उभा होता, त्यांनी निधी गोळा करायला सुरुवात केली. सातशे पौंडांहून थोडी अधिक रक्कम जमली. ती हाती पडेपर्यंत, १८५८ मध्ये, पत्नीही गेली. तिघे अनाथ झाली, बापासारखीच. वडिलांनी शोधातून काही कमावले नाही, हे ध्यानात घेऊन सरकारने मुलांना मिळून वर्षाला ५० पौंडांचे निवृत्तिवेतन बांधून दिले. टॅल्बटच्या एका परवान्याच्या निम्मे.

त्याला केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत पुरले. जुन्या पद्धतीने फोटो काढणारे हौशी लोक आता पुन्हा वाढले आहेत. ते स्वतः कलोडियन ओततात, काच ऊन करून सँडरॅकचे रोगण देतात, कागदावरच्या प्रतींना मेण घासतात. अशाच काही जणांनी २०१० साली एक मे या दिवशी जमून त्याच्या कबरीपाशी नावाचा फलक बसवला.